वर्ष न चिकटलेली गाणी

गाजलेलं गाणं कधी एकटं येत नाही. ते ज्या वर्षी गाजलं ते वर्ष त्याच्याबरोबर येतं. तेव्हाचे कपडे, तेव्हाची भांडणं, शेजारच्या घरातला रेडिओ, कुणाच्या तरी लग्नाची वरात, सगळं गाण्याच्या मागोमाग आत शिरतं. पहिले दोन सूर वाजतात आणि ऐकणारा म्हणतो, ‘अरे, हे तर आमच्या वेळचं!’ पुढची तीन मिनिटं तो त्या दिवसांत फिरून येतो. यात गैर काहीच नाही. माणसांच्या आठवणी सांभाळून ठेवणं हे लोकप्रिय गाण्याचं मोठं काम आहे. पण त्या कामात गाणं स्वतः थोडं मागे सरतं. गिटार कशी वाजली, दुसऱ्या कडव्यात आवाज कुठे कापला, याकडे कुणाचं लक्ष राहत नाही. गाण्याला वर्ष चिकटलेलं असतं आणि ते खरवडून काढता येत नाही.

मग गाजण्यासाठी लागणारं सगळं ज्यात होतं आणि तरी जे गाजलंच नाही, अशा गाण्याचं काय होतं? त्याला वर्ष चिकटत नाही. दहा, वीस, चाळीस वर्षांनी ते कुणाच्या हाती लागतं तेव्हा त्याच्या अंगावर कुणाच्याच आठवणी नसतात. अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात १९७१ साली जमलेल्या ‘बिग स्टार’ या गिटार बँडवर त्याच्या चाहत्यांनी पन्नासएक वर्षं जे प्रेम केलं, ते समजून घ्यायला मला हा एकच धागा पुरेसा वाटतो. त्या प्रेमाला लोक सहसा स्मरणरंजन म्हणून मोकळे होतात, किंवा उशिरा मिळालेला न्याय म्हणतात. दोन्ही मला पटत नाही. या चाहत्यांपैकी बहुतेकांकडे स्मरण करण्यासारखं काही नव्हतंच. गाणी निघाली तेव्हा त्यांतले कितीतरी जण प्राथमिक शाळेत होते, काही जन्मलेही नव्हते.

बँड चौघांचा. ख्रिस बेल आणि ॲलेक्स चिल्टन गाणारे, गिटार वाजवणारे आणि गाणी रचणारे. अँडी हमेल बेसवर. जोडी स्टीफन्स ड्रम्सवर. मेम्फिसमध्ये जॉन फ्राय नावाच्या तरुण ध्वनिमुद्रकाचा ‘आर्डेंट’ हा स्टुडिओ होता. फ्राय आसपासच्या होतकरू पोरांना ध्वनिमुद्रण शिकवायचा, आणि जी पोरं नीट शिकली त्यांना रात्री स्टुडिओ मोकळा असताना तिथे काम करू द्यायचा. बेल हा त्या पोरांतला सर्वांत झपाटलेला. रात्र-रात्र एकेक आवाज पुन्हा पुन्हा ध्वनिमुद्रित करणं, गिटारवर गिटार चढवणं, मागचे साथीचे आवाज थरावर थर रचणं यात त्याचा जीव रमायचा. चिल्टन या टोळक्यात शेवटी आला, आणि तो आला तो एक मोठं ओझं घेऊन.

त्या ओझ्याचं नाव ‘द लेटर’. १९६७ साली ‘बॉक्स टॉप्स’ या बँडसाठी हे गाणं चिल्टनने गायलं तेव्हा तो १६ वर्षांचा होता. दोन मिनिटांचंही नसलेलं हे गाणं अमेरिकेत चार आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. आवाज इतका घोगरा आणि मुरलेला की गाणारा शाळकरी पोरगा आहे हे ऐकणाऱ्याला सांगूनही पटू नये. ज्या धाग्याबद्दल मी बोलतो आहे त्याची परीक्षा घ्यायला याहून चांगली सोय मिळायची नाही. एकाच माणसाच्या गळ्यातून एक गाणं आलं जे सगळ्यांनी ऐकलं, आणि सात वर्षांनी दुसरं आलं जे जवळजवळ कुणीच ऐकलं नाही. ‘द लेटर’ आज लावलं की १९६७ साल दारात उभं राहतं. व्हिएतनामच्या युद्धात असलेल्या अमेरिकन तरुणांसाठी ते घरी परतण्याचं गाणं झालं होतं. पुढे जुन्या गाण्यांच्या रेडिओ केंद्रांनी ते इतकं वाजवलं की त्याच्यावर त्या काळाचा कायमचा शिक्का बसला. ‘बिग स्टार’चं १९७४ सालचं ‘सप्टेंबर गर्ल्स’ लावा. ते कोणत्या सालचं, हे आधी माहीत नसेल तर कानांनी ओळखणं कठीण जातं.

यावर एक आक्षेप लगेच येईल, आणि तो रास्त आहे. ‘सप्टेंबर गर्ल्स’चं साल ओळखू येत नाही याचं कारण ते गाजलं नाही हे कशावरून? या मंडळींनी मुळात संगीतच आपल्या काळाचं केलं नव्हतं, असंही असेल. हे खरं आहे. १९६४ च्या फेब्रुवारीत बीटल्स पहिल्यांदा अमेरिकेत आले तेव्हा बेल आणि चिल्टन दोघंही १३ वर्षांचे होते. त्या वयात जे कानात शिरतं ते रक्तात उतरतं. पुढे १९७१-७२ मध्ये, जेव्हा अमेरिकेतले रॉक बँड पंधरा-पंधरा मिनिटांची वादनं करत होते आणि मेम्फिसवर सोल संगीताचं राज्य होतं, तेव्हा ही चार पोरं तीन मिनिटांची, सुरेल, घट्ट विणीची गाणी करत बसली होती. त्या वेळच्या मेम्फिसमध्ये ही जुनी झालेली आवड होती. म्हणजे ‘बिग स्टार’ हा स्वतःच चाहत्यांचा बँड होता. आपल्या लहानपणी ऐकलेल्या आवाजावरचं प्रेम त्यांनी मोठेपणी, फॅशन उलटून गेल्यावर, निष्ठेने पुढे नेलं.

तरी हे उत्तर पुरत नाही. बीटल्सची वळणं गिरवणारे बँड त्या काळात आणखीही होते, आणि त्यांतली जी गाणी गाजली ती आज नेमकी ‘सत्तरच्या दशकातली’ म्हणूनच ऐकू येतात. गाण्याची घडण काळाच्या बाहेरची असली तरी लाखो लोकांनी ते एकाच उन्हाळ्यात ऐकलं की त्या उन्हाळ्याचा रंग त्याला लागतोच. घडण आणि नशीब, दोन्ही जुळून यावं लागतं. ‘बिग स्टार’च्या बाबतीत ते जुळून आलं.

पहिली रेकॉर्ड १९७२ साली निघाली. मेम्फिसमध्ये ‘बिग स्टार’ नावाची किराणा दुकानांची साखळी होती. त्यातलं एक दुकान पोरांच्या रोजच्या खाण्याच्या वाटेवरचं. बँडला नाव मिळालं ते तिथून. रेकॉर्डला नाव दिलं ‘नंबर वन रेकॉर्ड’. मुखपृष्ठावर निऑनचा चमकता तारा. अभिप्राय उत्तम आले. व्यवसायातल्या नियतकालिकांनीही तोंड भरून कौतुक केलं. आणि रेकॉर्ड विकली गेली नाही. तेव्हा खपलेल्या प्रती दहा हजारांच्याही आत असल्याचं सांगितलं जातं.

याची कारणं अगदी व्यवहारातली आहेत आणि ती मुद्दाम सांगायला हवीत, कारण न गाजलेल्या कलाकृतीभोवती लोक फार लवकर दुर्दैवाचं धुकं उभं करतात. ‘आर्डेंट’च्या रेकॉर्डचं वितरण ‘स्टॅक्स’ करत असे. स्टॅक्स ही मेम्फिसची सोल संगीताची थोर कंपनी, ओटिस रेडिंग आणि आयझॅक हेज यांची. सोलच्या रेकॉर्ड कोणत्या रेडिओ केंद्रावर न्यायच्या, कोणत्या दुकानात ठेवायच्या हे तिच्या माणसांना पाठ होतं; गोऱ्या पोरांच्या गिटार बँडचं काय करायचं याची सवय नव्हती. १९७२ मध्येच स्टॅक्सने आपलं वितरण ‘कोलंबिया’ या बड्या कंपनीकडे सोपवलं. कोलंबियाला स्टॅक्सच्या जुन्या, छोट्या वितरकांशी देणंघेणं नव्हतं. जुनी वाट बंद झाली, नवी उघडली नाही. पुढच्या वर्षी, मे १९७३ मध्ये, स्टॅक्सशी करार घडवून आणणाऱ्या क्लाइव्ह डेव्हिसची कोलंबियातून हकालपट्टी झाली आणि दोन्ही कंपन्यांचं बिनसलं. १९७४ च्या फेब्रुवारीत दुसरी रेकॉर्ड ‘रेडिओ सिटी’ आली ती या भांडणाच्या मधोमध. १९७५ च्या अखेरीस खुद्द स्टॅक्सलाच टाळं लागलं. कुठे रेडिओवर गाणं लागलं आणि ऐकून कुणी दुकानात गेलंच, तर दुकानात रेकॉर्ड नसायची.

इथे एक बारकावा आहे आणि माझ्या मते सगळं त्यावर उभं आहे. लोकांनी ऐकून नाकारलेल्या गाण्यालाही वर्ष चिकटतं. ‘त्या साली पडलेलं गाणं’ अशी त्याची नोंद होते, ते त्या काळाला नकोसं होतं एवढं तरी कळतं. ‘बिग स्टार’ची गाणी कुणी नाकारली नव्हती. ती लोकांसमोर आलीच नव्हती. त्यांच्यावर कौतुकाचा निकाल लागला नाही, तसा नापसंतीचाही लागला नाही. गोदामातून आणि जुन्या रेकॉर्डच्या ढिगातून ती बाहेर आली तेव्हा ती जशी स्टुडिओतून निघाली होती तशीच होती.

या अवस्थेतही ती पोचली ते एका छोट्या वर्गापर्यंत. संगीतावर लिहिणाऱ्यांना नव्या रेकॉर्ड टपालाने फुकट येत. दुकानं रिकामी होती, पण समीक्षकांच्या घरी ‘नंबर वन रेकॉर्ड’ येऊन पडली होती. म्हणून पहिले चाहते लिहिणारे झाले. १९७२ च्या अखेरीस बेल मानसिक ताणाने खचून बँड सोडून गेला होता, उरलेले तिघंही पांगायच्या बेतात होते. १९७३ च्या मे महिन्यात आर्डेंटच्या प्रचाराचं काम पाहणाऱ्या मंडळींनी देशभरच्या रॉक लेखकांना मेम्फिसला बोलावलं आणि त्यांच्यापुढे या तिघांना वाजवायला उभं केलं. एरवी हाताची घडी घालून बसणारे लेखक उठून नाचले. त्या रात्रीनंतर तिघांना वाटलं की आणखी एक रेकॉर्ड करावी. तिच्यातच ‘सप्टेंबर गर्ल्स’ आहे. खोलीभर चाहत्यांनी त्या रात्री नाचून दाद दिली नसती तर बँड बहुधा तिथेच संपला असता.

आता जरा ऐकूया. ‘सप्टेंबर गर्ल्स’ सुरू होतं ते गिटारच्या सुट्या सुट्या, लखलखीत सुरांनी. तारा एकदम न झंकारता एकेक करून छेडलेल्या. त्यामुळे सूर वरून खाली घरंगळत येतात आणि प्रत्येकाची कड ऐकू येते. ही फ्रायची करामत. वरचे स्वर इतके स्वच्छ ध्वनिमुद्रित करण्याची त्याची हातोटी होती की आजही ती रेकॉर्ड ताजी वाटते. मग ड्रम्स येतात. स्टीफन्स ठेका धरतो, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी जी मोकळी जागा असते तिथे एखादा छोटा घरंगळता तुकडा टाकून पुढच्या ओळीला ढकलतो. चिल्टनचा आवाज इथे ‘द लेटर’सारखा घोगरा नाही, उंच, किंचित दमलेला, सुराच्या कडेकडेने चालणारा. शब्दांत जन्ममहिने आहेत. सप्टेंबरच्या मुली, डिसेंबरचा मुलगा. चिल्टन स्वतः डिसेंबरचा. प्रेम जुळलेलं नाही आणि गाणारा त्याबद्दल कुणाला दोष देत नाही. मधला गिटारचा तुकडा धून पुढे नेतो, बढाई मारत नाही. पावणेतीन मिनिटांच्या आसपास सगळं आटोपतं. इतकं उजळ संगीत आणि इतके हताश शब्द एकत्र नांदतात आणि दोघांपैकी कुणीही दुसऱ्याला खोटं पाडत नाही, हे फार थोड्या गाण्यांना जमलं आहे.

हे गाणं १९७४ च्या उन्हाळ्यात रेडिओवर दिवसातून वीसदा वाजलं असतं तर? अमेरिकेच्या कानात ते निक्सनच्या राजीनाम्याशेजारी, पेट्रोल पंपावरच्या रांगांशेजारी जाऊन बसलं असतं. त्यातली हताशा त्या काळाची हताशा म्हणून ऐकली गेली असती. तसं झालं नाही म्हणून ती अजून एका माणसाची हताशा राहिली आहे.

आपल्याकडच्या कानालाही हा फरक जाणवतो. अमेरिकेतली वर्षं आपली नव्हेत, तेव्हा आपल्याला तिकडची सगळीच गाणी कोरी मिळायला हवीत, असं वाटेल. तसं होत नाही. पुण्या-मुंबईच्या होस्टेलात ज्याच्या हाती गिटार येते तो कधी ना कधी ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ वाजवतोच. आपल्यासाठी त्या गाण्याला कॅलिफोर्नियाचं १९७७ साल चिकटलेलं नाही, पण होस्टेलची गच्ची, गॅदरिंगचा मंडप आणि कोरस विसरणारा मित्र हे सगळं चिकटलेलं आहे. ‘बिग स्टार’चं गाणं इथे कुठल्याच मंडपात वाजलं नाही. मराठी घरात ते येतं तेव्हा ते थेट गिटार आणि आवाज एवढंच होऊन येतं.

चाहत्यांनी या कोऱ्या गाण्यांचं काय केलं, ते पाहण्यासारखं आहे. दुर्मिळ गोष्ट हाती लागली की ती मुठीत झाकून ठेवण्याचा मोह होतो, आणि अप्रसिद्ध बँडच्या चाहत्यांवर तो आरोप नेहमी होतो. यांनी उलट केलं. नॉर्थ कॅरोलायनातल्या विन्स्टन-सेलमचा ख्रिस स्टेमी हा तरुण संगीतकार ‘बिग स्टार’चा भक्त. त्याने १९७७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये चिल्टनबरोबर वाजवलं, आणि पुढच्या वर्षी आपल्या चिमुकल्या कंपनीतून ख्रिस बेलची सिंगल काढली. बेलच्या हयातीत त्याच्या एकट्याच्या नावावर निघालेली ती एकमेव रेकॉर्ड. ती १९७८ सालची. त्याच वर्षी ‘बिग स्टार’च्या पहिल्या दोन रेकॉर्ड इंग्लंडमध्ये एकत्र करून पुन्हा काढण्यात आल्या, आणि १९७४ मध्ये ध्वनिमुद्रित होऊन पडून राहिलेली तिसरीही एकदाची बाहेर आली. त्याच वर्षी २७ डिसेंबरला बेलची मोटार रस्त्याकडेच्या खांबावर आदळून तो गेला. त्याचं वय २७.

पुढचा प्रवास हातोहात झाला. १९८४ मध्ये इंग्लंडच्या ‘धिस मॉर्टल कॉइल’ने तिसऱ्या रेकॉर्डमधली दोन गाणी आपल्या पद्धतीने गायली. १९८६ मध्ये लॉस एंजेलिसच्या ‘बँगल्स’ने ‘सप्टेंबर गर्ल्स’ आपल्या ‘डिफरंट लाइट’ या रेकॉर्डमध्ये घेतलं. ती लाखांनी खपली. १९८७ मध्ये मिनीॲपोलिसच्या ‘रिप्लेसमेंट्स’ने चिल्टनच्या नावाचंच गाणं केलं, आणि तेही मेम्फिसला येऊन, आर्डेंटमध्ये, तिसऱ्या रेकॉर्डचा निर्माता जिम डिकिन्सन याच्याच हाताखाली. ‘आर.ई.एम.’चे लोक जिथे बोलायला मिळेल तिथे ‘बिग स्टार’चं नाव घेत राहिले. स्कॉटलंडच्या ‘टीनएज फॅनक्लब’ने १९९३ मध्ये आपल्या रेकॉर्डचं नावच ‘थर्टीन’ ठेवलं, ‘बिग स्टार’च्या गाण्यावरून. हे सगळे भिन्न गावांचे, भिन्न स्वभावाचे लोक. ही गाणी कोणत्या काळाची आहेत हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं, म्हणून ती आपल्या काळाची आहेत असं धरून त्यांनी वाजवली. गाजलेल्या गाण्याची कुणी पुनरावृत्ती केली की त्यात सलाम असतो, मूळ काळाकडे मान वळलेली असते. ‘बँगल्स’चं ‘सप्टेंबर गर्ल्स’ ऐका. ते १९८६ चं नवं गाणं म्हणून वाजतं.

दुसरा आरोप जास्त गंभीर आहे. चाहते या बँडच्या अपयशावर प्रेम करतात, गाण्यांवर नाही, असं म्हटलं जातं. याला आधार आहे तो तिसऱ्या रेकॉर्डमुळे. तिचं नावही धड ठरलं नव्हतं. कुणी तिला ‘थर्ड’ म्हणतं, कुणी ‘सिस्टर लव्हर्स’. हमेल शिक्षण पुरं करायला निघून गेला होता, उरले होते चिल्टन आणि स्टीफन्स. गाणी मध्येच विस्कटतात, ठेका सुटतो, एखाद्या गाण्यात आवाज इतका एकटा होतो की ऐकवत नाही. फ्राय आणि डिकिन्सन तिच्या मोजक्या प्रती घेऊन कंपन्यांचे उंबरठे झिजवत राहिले, कुणी घेतली नाही. रेकॉर्ड थोर आहे यात मला शंका नाही. पण तिच्या उजेडात, की अंधारात म्हणू, मागच्या दोन्ही रेकॉर्ड ऐकण्याची जी रीत पडली आहे ती मला मान्य नाही. ‘रेडिओ सिटी’त आनंद आहे. ‘ओ माय सोल’मध्ये गिटार कापऱ्या, तुटक झटक्यांनी धावते आणि तिघंही एकमेकांना हुलकावण्या देतात, ही खेळणारी माणसं आहेत, शोकांतिकेची तयारी करणारी नव्हेत. बेलच्या मृत्यूची सावली ‘फील’ या गाण्यात शोधणाऱ्यांनी त्यातले मेम्फिसचे सॅक्सोफोन ऐकलेलेच नसतात. दुर्दैवाची गोष्ट गाण्याला चिकटली तर तीही एक प्रकारची तारीखच झाली. गाजल्यामुळे चिकटली असती ती टळली, आणि कीव करणाऱ्यांनी दुसरी आणून चिकटवली.

या सगळ्यात ॲलेक्स चिल्टन स्वतः कुठे होता? चाहत्यांना याचा फार त्रास झाला आहे, कारण तो त्यांच्या प्रेमाकडे पाठ फिरवून उभा असे. १९८२ मध्ये तो न्यू ऑर्लीन्सला गेला, दारू सोडली, उपाहारगृहांत भांडी घासली. पुढे छोट्या बँडबरोबर पुन्हा वाजवू लागला, पण जुनी सोल गाणी, जॅझची प्रमाण गाणी, इटालियन ‘व्होलारे’सुद्धा. कधी ‘सप्टेंबर गर्ल्स’ वाजवायचा, आणि मुलाखतीत त्या काळाचा विषय निघाला की तो हलका करून टाकायचा. अनेकांनी याला तिरसटपणा म्हटलं. मला त्यात विसंगती दिसत नाही. ही गाणी जगात सगळ्यांना कोरी मिळाली, चौघं-पाच जणांचा अपवाद सोडून, आणि तो त्या चौघा-पाच जणांपैकी होता. त्याच्यासाठी ‘सप्टेंबर गर्ल्स’ला १९७४ साल चिकटलेलं होतं: तुटलेली मैत्री, दारू, दुकानात न पोचलेली रेकॉर्ड, आणि नंतर आपल्या २८ व्या वाढदिवशी झालेली बेलची अंत्ययात्रा. आपल्याला जिथे फक्त गाणं ऐकू येतं तिथे त्याला सगळं ऐकू येत असणार. त्याने आपल्यासारखं ऐकावं ही मागणीच अन्यायाची होती.

म्हणूनच १९९३ मध्ये जे झालं ते मला फार महत्त्वाचं वाटतं. मिझुरी विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी चालवलेल्या रेडिओ केंद्राने ‘बिग स्टार’ला वाजवायला बोलावलं. स्टीफन्स तयार झाला. चिल्टनही हो म्हणाला, आणि सगळे चकित झाले. उरलेल्या दोन जागा भरल्या ‘पोझीज’ या बँडच्या जॉन ऑअर आणि केन स्ट्रिंगफेलो यांनी. ‘रेडिओ सिटी’ निघाली तेव्हा हे दोघं जेमतेम चार-पाच वर्षांचे होते. २५ एप्रिल १९९३ ला चौघांनी वाजवलं. ते एका दिवसापुरतं राहिलं नाही. हे चौघं १७ वर्षं ‘बिग स्टार’ म्हणून वाजवत राहिले, २००५ मध्ये नवी रेकॉर्डही काढली. मूळ बँड चार वर्षंही धड टिकला नव्हता. म्हणजे या बँडच्या आयुष्यातला मोठा हिस्सा दोन चाहत्यांना सोबत घेऊन गेला. चिल्टनच्या शेजारी रोज अशी दोन माणसं उभी होती ज्यांच्यासाठी ती गाणी कोरी होती. त्याने ती वाजवत राहणं त्यामुळे सोपं झालं असेल, असं मला वाटतं.

एक उलटं उदाहरणही सांगायला हवं. १९९८ मध्ये ‘दॅट सेव्हंटीज शो’ ही विनोदी मालिका अमेरिकेत सुरू झाली. तिची कथा १९७६ पासून सुरू होते, विस्कॉन्सिनमधल्या पोरांची. शीर्षकगीत म्हणून घेतलं ‘बिग स्टार’चं ‘इन द स्ट्रीट’, दुसऱ्याच्या आवाजात. दुसऱ्या पर्वापासून ते ‘चीप ट्रिक’ने गायलं. १९७६ साली विस्कॉन्सिनच्या पोरांनी जे गाणं ऐकलेलं असण्याची शक्यता जवळजवळ नव्हती, ते कोट्यवधी प्रेक्षकांसाठी सत्तरच्या दशकाचा आवाज झालं. त्या एका गाण्याला २६ वर्षं उशिरा, आणि चुकीचं, वर्ष चिकटलं. आता ‘इन द स्ट्रीट’ लावलं की माझ्याही डोळ्यांपुढे मोटारीत कोंबून बसलेली ती पोरं येतात. बाकीच्या गाण्यांना हे झालं नाही याचं मला बरं वाटतं.

आज कुठलंही गाणं फोनवर मिळतं. रेकॉर्ड दुकानात पोचली नाही म्हणून गाणं हरवणं आता शक्य राहिलेलं नाही. प्रत्येक गाण्याखाली ते किती वेळा ऐकलं गेलं याचा आकडा मात्र छापलेला असतो, म्हणजे ऐकायच्या आधीच निकाल कळतो. ‘बिग स्टार’सारखी कोरी गाणी यापुढे तयार होतील की नाही, मला शंका आहे.

चिल्टन १७ मार्च २०१० ला न्यू ऑर्लीन्समध्ये हृदयविकाराने गेला. तीन दिवसांनी ऑस्टिनच्या संगीत महोत्सवात बँडचा कार्यक्रम ठरलेला होता. तो रद्द न करता त्याच्या आठवणीत केला गेला, आणि हमेलही त्यात वाजवायला आला. त्याच वर्षी जुलैत हमेलही गेला. डिसेंबरमध्ये ख्रिस स्टेमीने नॉर्थ कॅरोलायनात तंतुवाद्यांसह संपूर्ण ‘थर्ड’ रंगमंचावर आणली, ड्रम्सवर स्टीफन्स. जी रेकॉर्ड बँडने कधी लोकांपुढे सलग वाजवली नव्हती, ती चाहत्यांनी एकेका वाद्याची सुरावट पुन्हा लिहून काढून वाजवली, आणि मग गावोगावी, देशोदेशी वाजवली. ३२ वर्षांपूर्वी बेलची सिंगल काढणारा तोच स्टेमी.

ज्यांनी अजून काहीच ऐकलेलं नाही त्यांनी कुठून सुरुवात करावी, यावर चाहत्यांत वाद आहेत. माझं मत ‘रेडिओ सिटी’. तिच्या मुखपृष्ठावर विल्यम एगल्स्टनचं छायाचित्र आहे, लालभडक छत आणि त्यात एक उघडा दिवा. ते बघून घ्या आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग ऐका. शेवटचं ‘आय ॲम इन लव्ह विथ अ गर्ल’ दोन मिनिटांचंही नाही, त्यात चिल्टन आणि एक गिटार एवढंच आहे. मग ‘नंबर वन रेकॉर्ड’ लावा. ‘थर्ड’ला हात घालायची घाई करू नका, तिच्याआधी बेलची ती एकुलती एक सिंगल ऐका. एका बाजूला ‘आय ॲम द कॉसमॉस’, दुसऱ्या बाजूला ‘यू अँड युवर सिस्टर’. या दुसऱ्या गाण्यात बेलच्या मागे जो साथीचा आवाज आहे, तो चिल्टनचा आहे.